निघताना काय विसरलात?

माझ्या शिरा भारी पळपुट्या. सुई दिसली की हातातून निघतात आणि खांद्यात जाऊन लपतात. एकदा तर एक शीर मानेपर्यंत गेली होती, डॉक्टरांनी हाक मारून खाली बोलावली. पटत नसेल तर सोडून द्या. पुढचं मात्र बरंचसं खरं आहे, कारण ते माझ्या नातीचं आहे आणि ती शेजारीच बसून ऐकतेय.

त्या दिवशी सकाळी मी उपाशीपोटी रक्त द्यायला गेले होते. सोबतीला नात. तिला आम्ही घरात भिंगरी म्हणतो. त्याच हॉस्पिटलात तिला नवी नोकरी लागून आठ दिवस झाले होते.

खुर्चीसमोर तो बसला होता. पांढरा कोट, कोपरापर्यंत दुमडलेल्या बाह्या, लांबसडक बोटं. त्याने माझ्या दंडाला रबरी पट्टा बांधला, दोन बोटं कोपराच्या खळगीत ठेवली आणि डोळे मिटले. दूरचं गाणं ऐकावं ना, तसा चेहरा केला.

"आजी, आज घरातून निघताना काय विसरलात?"

"मी? मी कशाला काही विसरतेय..." म्हणत मी आठवायला लागले. चष्मा घेतला. पिशवी घेतली. कवळी... जीभ फिरवून बघितली, होती जागेवर. "अगं बाई! गॅसवर दूध!"

"झालं," तो म्हणाला.

"उतू गेलं?"

"रक्त काढून झालं, आजी."

बघते तर खरंच नळी भरलेली! माझ्या मागून भिंगरीनेही वाकून बघितलं... आणि ती निघाली जमिनीकडे. त्याने हातातली नळी हलू दिली नाही, पायाने स्टूल सरकवलं आणि पोरगी बरोबर त्याच्यावर येऊन बसली. मीही उडी मारून तिची वेणी पकडली होती म्हणून, नाहीतर— ("आजी, तू जागची हललीसुद्धा नव्हतीस." असं ती म्हणते. पण गोष्ट कोण सांगतंय?)

तिने डोळे उघडले. "तुम्ही... कोण?"

"मी रक्त काढतो."

तिने डोळे परत मिटले.

मग त्याने पाणी आणलं, खिडकी उघडली. तिच्या गळ्यातलं ओळखपत्र बघून म्हणाला, "इथल्याच की तुम्ही. ट्रेनिंग विभाग? म्हणजे शिकवता?"

"शिकवायचं कसं, ते ठरवते. धडे बनवते."

"कशाचे?"

"ते अजून दिलं नाहीये. काहीही चालेल मला. फक्त—"

"रक्त नको."

"हो," ती म्हणाली, आणि दोघं हसले. मला खुर्चीवरून उतरवायचं कोणाच्या लक्षातच राहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी तिला काम मिळालं. ओळखा कशाचं.

आता तिला भिंगरी का म्हणतो ते ऐका. आधी ती शाळेत विज्ञान शिकवायची. तीन वर्षांनी सोडलं, का तर पोरं धडा पाठ करतात पण त्यांना कळत काहीच नाही. मग एका खेळण्यांच्या कारखान्यात गेली, पटावरच्या खेळांचे नियम लिहायला. मग संग्रहालयात, तिथे म्हणे माहितीचे फलक वाचायला कोणी थांबत नाही, तर हिने प्रत्येक फलकाला झाकण लावलं. झाकण दिसलं की माणूस उघडतोच! आणि आता हे हॉस्पिटल. माझी लेक, म्हणजे तिची आई, डोक्याला हात लावून म्हणायची, "हिचं बूड एका जागी टेकेल तर शपथ." मी म्हणायचे, अगं, बारा गावचं पाणी प्यायल्याशिवाय तहान कशाची आहे ते कळत नाही.

ट्रेनिंगच्या मॅडम म्हणजे सरळ रेघ. त्यांनी सांगितलं, "नवीन मुलं एकेका पेशंटला चार-चार वेळा टोचतात. शिकवायला चौऱ्याऐंशी स्लाइड आहेत, तरी टोचतात."

"तरी नाही मॅडम," भिंगरी म्हणाली, "म्हणून."

मॅडमनी चष्म्यावरून बघितलं. "मग तुम्ही करून दाखवा. एक महिना. नाही जमलं तर स्लाइड राहतील, तुम्ही नाही."

सगळ्यांनी एकच माणूस सांगितला, माझं रक्त काढणारा तोच. एका टोचण्यात काम, तान्ह्या बाळाचंसुद्धा. भिंगरी वही घेऊन त्याच्यासमोर जाऊन बसली.

"तुम्हाला शीर कशी सापडते?"

"सापडते."

"पण कशी?"

"बोटाला कळतं."

"काय कळतं बोटाला?"

त्याने खूप विचार केला. "...की इथे आहे."

तिने वही मिटली. "तुमच्याकडून माहिती काढण्यापेक्षा रक्त काढणं सोपं असेल."

"काढा की. पण तुम्ही पडाल."

"टोमणे बरे मारता येतात. तेवढं शीर कशी सापडते ते सांगता येत नाही का?"

तो ओशाळला. "खरंच नाही येत हो. दोनदा वर्गासमोर उभं केलं होतं मला. चार वाक्यांत संपलो."

आधी तो वडिलांच्या दुकानात घड्याळं दुरुस्त करायचा. दहा वर्षं. मग लोक मोबाइलमध्ये वेळ बघायला लागले आणि दुकानाचे बारा वाजले, म्हणून हा रक्त काढायचा कोर्स केला. "घड्याळाला डोळा लावावा लागतो," तो तिला म्हणाला, "इथे मिटावा लागतो." तिने ते वाक्य लिहून घेतलं. कामाचं नव्हतं, तरी घेतलं.

मग तिने ठरवलं, सांगता येत नाही ना, आपण बघू. चाळीस पेशंट बघायचे. पण सुईकडे बघितलं की हिचे डोळे पांढरे! म्हणून ती समोर एक फाइल आडवी धरून बसायची. फाइलच्या खाली सुई, वर त्याचा चेहरा. चाळीस पेशंट तिने फक्त त्याचा चेहरा बघितला. आता मला सांगा, चाळीस वेळा कुठलाही चेहरा एवढ्या जवळून बघितला तर माणसाचं काय होईल? आणि चेहरा तसा वाईट नव्हताच मुळी.

फाइलखालचं तिथली नर्स बघून सांगायची, तसतशा वहीत नऊ पायऱ्या झाल्या. पट्टा कुठे, बोट कसं, दाब किती, सुईचा कोन कसा. तिने आमच्या जुन्या अभ्र्यात कापूस भरला, आत रबरी नळ्या शिवल्या, त्यात लाल पाणी. एक नळी मुद्दाम मोकळी सोडली, बोट लावलं की सटकायची. त्या उशीचं नाव ठेवलं 'आजी'. लोकांचे पुतळे होतात, माझी उशी झाली.

आणि एक खेळ काढला. कागदाखाली केस ठेवायचा, डोळे मिटून बोटाने शोधायचा. सापडला की वर आणखी एक कागद. नव्या मुलांची मजल दोन-तीन कागदांपर्यंत. त्याने नऊ कागदांखालून शोधला. मी तर म्हणते तेवीस, आणि काळा की पांढरा तेही सांगितलं.

"केस कोणाचा आहे?" त्याने डोळे मिटूनच विचारलं.

"असेल... कोणाचा तरी."

"लांब आहे."

"मग?"

"काही नाही. बोटाला कळलं."

तो केस काही परत मिळाला नाही.

पण पहिली चाचणी झाली आणि सगळं मुसळ केरात. नवी सहा जणं 'आजी'वर एकदम पटाईत, खऱ्या माणसाचा हात आला की सहापैकी चार चुकले. नऊच्या नऊ पायऱ्या बरोबर करून चुकले! मॅडम म्हणाल्या, "शुक्रवारी मी स्वतः बसते खुर्चीत. ती शेवटची संधी."

घरी लेक म्हणाली, "मग पाचवी नोकरी कुठली बघायची?" भिंगरी न्हाणीघरात गेली, नळ सोडला. पाण्याखाली रडणं ऐकू येत नाही असं तिला वाटतं. बाहेर आली तेव्हा मला म्हणाली, "आजी, हे माझं काम आहे गं. इतकी भटकले ती ह्याच्यासाठीच. आणि मला एक पायरी दिसत नाहीये."

दुसऱ्या दिवशी ती त्याच्यासमोर जाऊन बसली आणि बाही वर केली. मी सोबतीला होतेच.

"काढा."

"कसली तपासणी?"

"चिठ्ठीवर हिमोग्लोबिन आहे. खरं म्हणजे माझ्या धड्याची."

तिचा चेहरा चुन्यासारखा. मूठ अशी आवळलेली की शीर काय, हाडसुद्धा लपलं असेल. त्याने पट्टा बांधला, दोन बोटं ठेवली. "आज घरातून निघताना काय विसरलात?"

"माझ्यावर नका चालवू ते! चाळीस वेळा ऐकलंय मी."

मूठ तशीच. तो थांबला. बोटं हलवली नाहीत, घाई केली नाही. मग हळूच म्हणाला, "बरं. मग हे सांगा... तुमच्या वहीत माझं चित्र आहे. त्यात माझं नाक एवढं मोठं का काढलंत?"

"तुम्ही माझी वही—! कधी बघितलीत? आणि ते नाक नाहीच मुळी, ती सावली—"

"झालं."

तिने खाली बघितलं. नळी भरलेली. आणि पोरगी पडली नाही! तशीच बघत राहिली, आधी नळीकडे, मग त्याच्याकडे.

"तुम्ही गप्पा मारत नव्हता," ती म्हणाली. "मी वहीत लिहिलं होतं, 'गप्पा' आणि त्यावर काट मारली. वेळ जातो म्हणून. चाळीस वेळा काट मारली मी! तुम्ही... तुम्ही थांबत होता. समोरचा माणूस स्वतःच्या हातातून बाहेर पडेपर्यंत. तो आठवायला लागला की मूठ सुटते, शीर वर येते."

तो चक्रावला. "मी तर... बरं वाटावं म्हणून बोलायचो."

"तीच पायरी आहे. पहिली."

"एवढं साधं?"

"साधं? चार शहाण्या माणसांना नऊ पायऱ्या करून जमलं नाही ते!" तिचे डोळे असे चमकत होते की मला खोलीतला दिवा लावला की काय वाटलं. तो नुसता बघत राहिला. कापूस दाबून धरायचा असतो, तो त्याने किती वेळ धरला होता म्हणून सांगू! रक्त केव्हाच थांबलं होतं.

शुक्रवारी मॅडम खुर्चीत. हात काठीसारखा ताठ. नव्यातली सगळ्यात घाबरट मुलगी समोर. तिने बोटं ठेवली, विचारलं, "मॅडम, आज... घरातून निघताना काय विसरलात?"

"मी काही विसरत नाही."

झालं! मी भिंतीला टेकले, नाहीतर भिंत पडली असती. पण नव्या धड्यात एक ओळ होती, 'उत्तर येईपर्यंत थांबा.' मुलगी थांबली. घड्याळाचा काटा पुढे गेला. मॅडमनी समोर बघितलं, मग खिडकीबाहेर.

"...मुलाचा वाढदिवस आहे आज," त्या म्हणाल्या. एकदम बारीक आवाजात. "मी त्याला उठवलंसुद्धा नाही."

मूठ आपोआप उघडली.

"झालं, मॅडम," मुलगी म्हणाली.

मॅडमनी नळीकडे बघितलंच नाही. कापूस दाबत दाबत फोन लावला आणि बाहेर गेल्या. दहा मिनिटांनी आल्या, नाक लाल. भिंगरीला म्हणाल्या, "स्लाइड काढून टाका. आणि तुमचं कायम नोकरीचं पत्र सोमवारी घेऊन जा."

सोमवारी धडा छापून आला. पहिल्या पानावर लिहिलं होतं, 'हा धडा तयार करणारे', आणि खाली दोन नावं. तिने पहिली प्रत त्याला नेऊन दिली. मी दाराआड उभी नव्हते. दारच माझ्या कानाआड आलं होतं.

"इथे चूक झालीय," तो म्हणाला. "माझं नाव आहे. तेही वरती."

"चूक नाहीये."

"अहो, मी काय केलं? चार वाक्यं बोलता येत नाहीत मला."

"हे सगळं तुमचं आहे. मी नुसती विचारत बसले होते."

पान उलटल्याचा आवाज, मग परत पहिल्या पानावर आल्याचा आवाज.

"माझं नाव आजपर्यंत हजेरीपुस्तकात लिहिलं गेलंय," तो म्हणाला. "आणि विजेच्या बिलावर. असं... कशाच्या वरती कधीच नाही." थांबला. "दिवसाला साठ माणसं येतात माझ्यापुढे. हात पुढे करतात आणि तोंड फिरवतात. बरोबरच आहे, कोण बघेल? आणि तुम्ही... फाइल धरून... चाळीस पेशंट होईपर्यंत तू माझ्याकडे बघत होतीस."

मग त्यालाच कळलं.

"माफ करा... म्हणजे, तुम्ही बघत होता असं—"

"परत म्हण," ती म्हणाली.

"काय?"

"आत्ता माफी मागितलीस ना, त्याच्या आधीचं."

"...तू?"

"हां," माझी भिंगरी म्हणाली. "तेच ठेव आता."