इकडची एकुलती, तिकडचा एकुलता

"अगं ए… डोळे घरी ठेवून आलीस का?"

"तुझे आहेत ना, ते वापर. बाजूला हो!"

आमची पहिली भेट ही अशी. मेकॅनिकलची इमारत आणि नर्सिंगची इमारत यांच्यामध्ये विटांची एक पायवाट आहे. वर्कशॉपचा काळाकुट्ट ॲप्रन घालून मी इकडून धावत होते, पांढराशुभ्र गणवेश घालून तो तिकडून धावत आला, आणि वळणावर आम्ही एकमेकांवर आदळलो. माझं ग्रीस त्याच्या छातीवर. चांगला पंज्याएवढा डाग.

त्याने डागाकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मला वाटलं, आता हा ओरडणार.

"हे नंतर बघू," तो म्हणाला. "मला घाई आहे."

"मलाही."

"तुला कसली?"

"तुला कसली?"

दोघंही या पायावरून त्या पायावर. मग त्याची नजर माझ्या इमारतीकडे गेली, माझी त्याच्या इमारतीकडे… आणि एकदम उलगडा झाला. लाजायचं सोडून मला फस्सकन हसू फुटलं. तोही कानापर्यंत लाल होऊन हसायला लागला. त्या अवस्थेत हसणं किती धोक्याचं असतं, ते ज्याचं त्याला माहीत.

स्पष्टच सांगते. मेकॅनिकलच्या वर्गात मी एकटी मुलगी. नर्सिंगच्या वर्गात तो एकटा मुलगा. माझी इमारत ज्याने बांधली त्याला इथे कधी एखादी मुलगी शिकायला येईल असं स्वप्नातही आलं नव्हतं. त्याची इमारत बांधणाऱ्याची अक्कलही तेवढीच. म्हणून लघवीला मी त्याच्या इमारतीत आणि तो माझ्या. प्रेमाच्या गोष्टीत हा शब्द बरा दिसत नाही म्हणे. न दिसू दे. दिवसभर पाणी न पिता लेथ मशीनसमोर उभं राहून बघा, मग बरं काय दिसतं त्यावर बोलू.

आणि वर संस्थेचा तोरा काय, तर माहितीपत्रकाच्या पहिल्याच पानावर ठळक अक्षरांत – 'आमच्याकडे मुलं-मुली समसमान!' बरोबरच आहे. इकडचे सगळे मुलगे आणि तिकडच्या सगळ्या मुली एकत्र मोजल्या की येतंच समसमान. एका खोलीत नुसत्या खुर्च्या कोंबायच्या, दुसरीत नुसती टेबलं, आणि पाहुण्यांना सांगायचं की आमच्याकडे बसायची सोय उत्तम आहे!

दुसऱ्या दिवशी तो वळणावर थांबला होता. घाई नसताना.

"डाग गेला नाही," त्याने छाती दाखवली.

"मग काय करू? धुऊन देऊ?"

"नको. फक्त सांग… मेकॅनिकलच का?"

हा प्रश्न मला हजारदा विचारला गेला होता. पण विचारणाऱ्याच्या तोंडावर उत्तर आधीच लिहिलेलं असायचं – दुसरीकडे मिळालं नसेल बिचारीला. या पठ्ठ्याच्या तोंडावर काहीच लिहिलेलं नव्हतं. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं.

"आईचं शिलाई मशीन बंद पडायचं," मी म्हणाले. "दुरुस्तीवाला काका यायचा, आमच्याकडे पाठ करून बसायचा. आत काय करतो ते दिसू द्यायचा नाही. मला त्याचा इतका राग यायचा… एकदा तो येण्याआधीच मी उघडलं."

"चाललं?"

"नाही. पार वाट लावली. पण आत काय आहे ते दिसलं." मी त्याच्याकडे वळले. "आणि तू? नर्सिंग?"

"आजोबा आजारी होते. घरातले सगळे त्यांना औषध द्यायचे… आणि खोलीबाहेर पळायचे. मी बसून राहायचो. ते घाबरले की त्यांचा श्वास बदलायचा. कसा बदलतो, का बदलतो, ते कुणालाच सांगता येईना." त्याने खांदे उडवले. "म्हटलं, आपणच बघू."

तेव्हापासून वळणावरचं थांबणं वाढलं. मधली सुट्टी कधी व्हायची आणि कधी संपायची, पत्ता लागायचा नाही. तो विचारायचा, लोखंड तापलं की त्याचा वास बदलतो का? मी विचारायचे, सुई टोचताना तुझा हात कापत नाही का? तो माझ्या तळहातावरचे घट्टे बोटाने दाबून बघायचा, अगदी गंभीरपणे, डॉक्टरसारखा… आणि मग हात सोडायला विसरायचा. मी आठवण करून द्यायचे नाही.

"वर्गात तुला काय म्हणतात गं?" एकदा त्याने विचारलं.

"भावा."

"काय?"

"'भावा, पाना दे.' 'भावा, सरक की जरा.' एवढ्या पोरांत एकटी म्हटल्यावर मी मुलगी आहे हे विसरणंच त्यांना सोयीचं. आणि तुला?"

तो मान खाली घालून पुटपुटला. ऐकू आलं नाही.

"मोठ्याने."

"ताई!" तो ओरडलाच. "नेहमी सगळ्या मुलीच, त्यामुळे मॅडम हजेरीनंतर म्हणतात, 'चला गं मुलींनो.' पेशंट सवयीने सिस्टर म्हणतात. मग वर्गातल्यांनी ताई करून टाकलं."

मी पोट धरून हसले. "म्हणजे मी भाऊ आणि तू बहीण?"

"एवढं नातं मात्र लावू नकोस," तो पटकन म्हणाला. मग आपण काय बोललो ते त्याच्या लक्षात आलं आणि साहेब थेट माझ्या इमारतीकडे धूम पळाले. घाई होती की बहाणा… कोण जाणे. मी मात्र तासभर एकाच लोखंडी पट्टीवर कानस घासत बसले. सर म्हणाले, अगं, पट्टी गुळगुळीत करायची आहे, नाहीशी नाही.

हे सगळं छान चाललं होतं, आणि मी तक्रार केली. करणारच होते. प्राचार्यांना सांगितलं, आमच्या इमारतीत मुलींसाठी सोय हवी. त्याच आठवड्यात तिकडे नवीन पेच उभा राहिला. त्याच्या वर्गाची संस्थेच्याच दवाखान्यात, लेबर रूममध्ये ड्यूटी लागायची होती. ती केल्याशिवाय परीक्षेला बसता येत नाही. आणि तिथल्या मेट्रनबाई म्हणाल्या, मुलगा बाळंतिणीच्या खोलीत? अजिबात नाही!

प्राचार्यांनी आम्हा दोघांना केबिनमध्ये बोलावलं. माणूस वाईट नाही. वाईट असता तर सोपं गेलं असतं. गालातल्या गालात हसत, टेबलावर दोन्ही हात पसरून म्हणाले, "बाळांनो, मी तुमचा प्रश्न सोडवलाय. अदलाबदल!"

"कसली, सर?" मी विचारलं.

"तू नर्सिंगला जा. हा मेकॅनिकलला येईल. दोन्हीकडे एकेक जागा होतेय. तुला सोय मिळेल, याला लेबर रूमची कटकट नाही. जो तो आपापल्या जागी! वर्ष वाया जाणार नाही, हे मी बघतो. याच्या वडिलांशी बोललो मी… त्यांना तर आनंदच झाला."

हसावं की खुर्ची फेकावी, मला कळेना. दोन बाथरूम बांधायच्या ऐवजी दोन आयुष्यं हलवायची! विटा महाग, माणसं स्वस्त.

"मी जाणार नाही," मी म्हणाले.

"विचार कर. आणि तू रे?"

मी त्याच्याकडे पाहिलं. मला खात्री होती. तो म्हणाला, "सर… मला उद्यापर्यंत वेळ द्या."

बाहेर आल्यावर मी ताडताड चालायला लागले. तो मागून आला.

"थांब ना! ऐक तरी."

"काय ऐकू? वडिलांना आनंद झालाय, जा."

"वडिलांचं नाही गं…" तो समोर येऊन उभा राहिला. घसा खाकरला. बुटाने वीट टोकरली. "तू नाही म्हणालीस. म्हणजे तू तिथेच राहणार. मी आलो तर… एकाच वर्गात असू. एकाच बाकावरसुद्धा. दिवसभर."

एक क्षण… खोटं कशाला बोलू, एक क्षण मला ते दिसलं. शेजारी तो. त्याची बाही माझ्या बाहीला घासतेय. सर फळ्याकडे वळले की तो वहीच्या कोपऱ्यात काहीतरी खरडतोय. काळजात नुसतं गलबललं. 'ये' एवढंच म्हणायचं होतं. एक अक्षर.

"चल," मी म्हणाले आणि त्याला हाताला धरून वर्कशॉपमध्ये नेलं. टेबलावरच्या शेगड्याच्या जबड्यात पट्टी आवळली, त्याच्या हातात कानस दिली. "घास."

त्याने घासली. अलगद. थांबला. पट्टीवर बोट फिरवलं. पुन्हा अलगद. मग अभावितपणे, जीभ दातांत धरून, त्याने पट्टीला दुसऱ्या हाताने आधार दिला… आजोबांच्या हाताला देत असेल तसा.

"झालं हं, एवढंच," तो पट्टीला म्हणाला.

मला हसू आलं आणि रडूही. "कोणाशी बोलतोयस?"

तो ओशाळला. "सवय."

"ती पट्टी आहे. तिला दुखत नाही, ती घाबरत नाही, तिचा श्वास बदलत नाही. वर्षभरात तू इथे वेडा होशील. माझ्या शेजारी बसून वेडा होशील, आणि मग मला रोज ते बघावं लागेल." माझा आवाज चढला. "माझ्यासाठी काही सोडून येणारा माणूस मला नकोय. कळलं? मला तो हवाय जो तिकडून येतो आणि मला सांगतो की आज वॉर्डात काय झालं."

तो कानस हातात धरून तसाच उभा.

"हवाय?" त्याने हळूच विचारलं.

"अर्थ नंतर लाव. आधी जाऊन नाही म्हणून ये."

तो गेला. प्राचार्यांना नाही म्हणाला, आणि तिथून थेट मेट्रनबाईंच्या समोर जाऊन उभा राहिला. काय बोलला ते नंतर त्यांच्याकडूनच सगळीकडे पसरलं. तो म्हणाला, "बाई, तुम्ही मला नाही म्हणताय. जिला बाळ होणार आहे तिला एकदा विचारूया ना. ती नाही म्हणाली तर मी पुन्हा तोंड दाखवणार नाही."

मेट्रनबाई त्याला जोखत राहिल्या. मग म्हणाल्या, "चल. पण ती नाही म्हणाली की मुकाट्याने मागे फिरायचं."

कळा सोसणाऱ्या त्या बाईने मान वर करून या पोराकडे पाहिलं आणि दात आवळून म्हणाली, "हात धरायला कोणीतरी द्या… कोणी का असेना!"

त्या दिवशी मी वळणावर खूप वेळ थांबले. सुट्टी संपली, तास बुडाला. तो आला तेव्हा उन्हं उतरली होती. केस विस्कटलेले, गणवेश चुरगळलेला, डोळे लाल.

"काय झालं? नीट ना सगळं?"

त्याने मान हलवली. नीट. तो पायवाटेवरच खाली बसला. मीही बसले. मग मला राहवेना.

"बाळ लगेच रडलं?"

"नाही… थोडं थांबलं. तेवढ्यात माझाच श्वास अडकला."

"मग?"

"मेट्रनबाईंनी बाळाची पाठ चोळली. मग असं रडलं… बापरे. एवढीशी छाती आणि काय तो आवाज!"

"गरम असतं का अंग? डोळे उघडे होते? तुझ्या हातात दिलं? ती काय म्हणाली? तिने हात सोडला की नाही तुझा?"

तो एकेकाचं उत्तर देत होता आणि माझ्याकडे बघत होता. अगदी टक लावून. शेवटी माझे प्रश्न संपले.

"तू एक गोष्ट विचारलीच नाहीस," तो म्हणाला.

"कुठली?"

"तिथून इथवर आलो. दारावरचा माणूस, वर्गातल्या मुली, प्राचार्य… ज्याने त्याने एकच विचारलं. पहिल्यांदा तेच. मुलगा की मुलगी?"

खरंच, माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

"म्हणून मला तू आवडतेस," तो म्हणाला. न अडखळता, न पळता. आणि माझा ग्रीसने माखलेला हात उचलून त्याने स्वतःच्या गालावर ठेवला.

किती वेळ गेला कोण जाणे. गालावर माझी पाचही बोटं काळी उमटली होती. मग माझ्यातली मुळातली खोड उचल खायला लागली.

"ए… काय झालं मग तिला?"

"सांगणार नाही."

"सांग ना!"

"नाही म्हणजे नाही."

लग्नाला आता बरीच वर्षं झाली. मी अजून विचारते. त्याने अजून सांगितलेलं नाही.