पुढचं डावं चाक

हे खरं घडलेलं आहे. ज्याला पटत नसेल त्याने मिस्त्रीच्या उजव्या हाताची दोन बोटं येऊन बघावीत. त्याला आता पदरचं काही घालायची हौस नाही. खोटं बोलून दमलेला माणूस आहे तो.

बातमी आली तो मंगळवार होता. सकाळचे साडेअकरा. मिस्त्री गॅरेजमध्ये एका टेम्पोखाली उताणा पडला होता. फोन वाजत राहिला. हात तेलाने बरबटलेले, म्हणून त्याने उचलला नाही. चौथ्यांदा वाजला तेव्हा तो बाहेर आला.

पलीकडे बायकोचा धाकटा भाऊ होता.

"दाजी... ताई गेली."

"कुठे गेली?" मिस्त्रीने विचारलं.

मेहुणा नुसता रडत राहिला.

बायको त्यांच्या जुन्या स्पोर्ट्स कारमध्ये गेली. दोन सीटची, लाल, तीस वर्षांची गाडी. मिस्त्रीने ती भंगारातून आणून उभी केली होती. लग्नानंतरची दोन वर्षं तो रविवारीसुद्धा गाडीखालीच असायचा, म्हणून बायको तिला 'माझी सवत' म्हणायची. मग एक दिवस तिनेच किल्ली उचलली. "सवत घरात ठेवायची तर तिला वठणीवर आणायला नको?" म्हणाली, आणि मिस्त्रीपेक्षा चांगली चालवायला लागली.

ब्रेकचं काम दोघं मिळून करायची. ब्रेकच्या तेलात अडकलेली हवा काढायला दोन माणसं लागतात. एक पेडलवर, एक चाकाशी. तो चाकाशी बसून ओरडायचा, "दाब!" ती आतून म्हणायची, "दाबलाय." तो चाकावरचं निपल, म्हणजे हवा सोडायची बारीक तोटी, उघडून हवा काढायचा, बंद करायचा. मग "सोड!" आतून उत्तर यायचं, "सोडलाय."

अपघाताच्या आदल्या रविवारी ती म्हणाली, "अहो, पुढचं डावं चाक किंचाळतंय. आणि सवत डावीकडे ओढतेय."

मिस्त्रीने चाक काढलं. ब्रेकचे पॅड घासले, मागून ग्रीस लावलं.

"गेला ना आवाज? झालं तर मग."

"पण ओढतेय त्याचं काय?"

"तुझा हात ओढत असेल."

मंगळवारी उतारावर तिने ब्रेक मारला. डावं चाक जागच्या जागी जाम झालं. गाडी गर्रकन फिरली आणि उजव्या बाजूने पुलाच्या खांबाला आदळली. दार आत घुसलं. ओळख पटवायला मिस्त्रीला फक्त पाय दाखवले. उजवा पाय पेडलवर इतका घट्ट होता की पत्रा कापून सोडवावा लागला.

लोक विचारायचे. मिस्त्रीचं उत्तर ठरलेलं. "दामटत होती. ब्रेक ठणठणीत होते. मी स्वतः बघितले होते."

मेहुण्याला ते पटेना. तो शाळेची बस चालवतो. गाडी शिकला तो ताईकडूनच.

"दाजी, कुत्रं आडवं आलं तर त्यालाच सॉरी म्हणणारी बाई ती. ती दामटेल?"

पाच आठवड्यांनी गाडीचा सांगाडा गॅरेजमध्ये आला. मेहुणा म्हणाला, "आज चार वाजता गाडी तपासणारा माणूस येतोय. ताईच्या माथी खोटं नको."

तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. बाहेर लख्ख ऊन. मेहुणा अंगणात त्याची बस धूत होता. मिस्त्रीने 'धूळ येते' म्हणून शटर अर्धं ओढलं.

गाडी जॅकवर चढवली. डावं चाक हाताने फिरवलं.

चीं...

फिरेना.

त्याने निपल उघडलं. तेलाची चिळकांडी थेट डोळ्यांत आली. पाच आठवडे त्या पेडलला कोणी हात लावला नव्हता, तरी आत दाब होता! आणि चाक अलगद मोकळं झालं.

मिस्त्रीला दोष कळला.

ब्रेकची रबरी नळी आतून सुजली होती. तेल जाऊ देत होती, परत येऊ देत नव्हती. पाच मिनिटांचं निदान. त्या रविवारी त्याने ते केलंच नव्हतं.

मग तो उठला. नवी नळी घेतली. तिला माती आणि ग्रीस चोळलं, जुनी दिसावी म्हणून. जुनी कापून खिशात कोंबली. चाकाची डिस्क चिमट्यासारखी धरणारा कॅलिपर उतरवला, पॅड काढले, नवी नळी जोडली. तेल भरायचं बाकी होतं. पॅड ढकलणारा पिस्टन सरळ बसलाय का बघायला त्याने फटीत दोन बोटं घातली.

बाहेर पाण्याचा आवाज बंद झाला...

खट्.

पेडल. गाडीच्या आतून.

मिस्त्रीने मान वर केली. उजवं दार गिअरपर्यंत आत आलेलं. सीट चेपलेली. तिथे मांजरसुद्धा मावलं नसतं.

आणि त्याच जागेतून, रोजच्यासारखा, शांत आवाज आला...

"दाबलाय."

पिस्टन पुढे आला.

आधी नखं फुटली. मग हाड. त्याने ते ऐकलं. रक्त कोपरापर्यंत ओघळलं.

"सोड! अगं सोड!"

पिस्टन आणखी पुढे आला.

मेहुणा शटरखालून वाकून आत धावला. "निपल उघडा, दाजी!" म्हणत त्यानेच पाना लावला.

तेल आलं नाही. फुस्सकन हवा आली. नळी कोरडीच होती. पिस्टनला ढकलायला आत काहीच नव्हतं.

तरी पिस्टन मागे हलेना.

मेहुण्याने डाव्या खिडकीतून अर्धं अंग आत घालून हात लांबवला, पेडल वर ओढायला. ओढता ओढता तो थांबला.

"दाजी... पेडल गरम आहे."

शेवटी त्याने पहारीने कॅलिपर फोडला. दोन बोटांची दोन पेरं आतच राहिली.

त्या दिवशीची तपासणी राहिली, तपासणारा माणूस आठवड्याने आला. कॅलिपरची कथा मेहुण्याने सांगितली, तेव्हा तो नुसता हसला. त्याने लिहून दिलं, 'नळी ठीक. चूक चालवणाऱ्या बाईची.' मेहुण्याने कागद वाचला, घडी घातली. तेव्हापासून तो वाद घालत नाही.

गाडी मोडीत गेली. मिस्त्री आता ब्रेकचं काम घेत नाही. पण कुणाचीही गाडी जॅकवर चढली, की रिकाम्या गाडीत पेडल खाली जातं. हळू... आणि तसंच राहतं. गिऱ्हाईक म्हणतं, "स्प्रिंग गेली वाटतं." मिस्त्री मान हलवतो आणि हात मागे घेतो.

मेहुणा रविवारी येतो. परवा म्हणाला, "दाजी, ताईला घाई तरी कसली होती हो?"

मिस्त्री म्हणाला, "चहा टाकू?"

मेहुण्याला खरं सांगायचं अजून राहिलं आहे.