कोरस मध्ये पडत नाही

त्या गुरुवारी मी हॉलवर गेले ती फक्त साबुदाणा वडे पोचवायला. कुमुदमावशीचा दुबईजवळच्या अल ऐनमध्ये घरगुती खाण्याचा व्यवसाय. माझं शाळेतलं शिकवणं संपलं की तिच्या ऑर्डरी पोचवायचं काम माझ्या गळ्यात. डबा सांभाळत दार ढकललं, तर आत मराठी मंडळातली चांगली मोठी माणसं पुठ्ठ्याचे मुखवटे लावून आपापल्या सुरात हळहळत होती. "राजा, थांब! राजा, ऐक!" मला हसू आवरेना.

"कोण हसलं?"

उंच, उन्हानं रापलेला, बाह्यांवर सिमेंट. हा दर्शन. एका बांधकाम कंपनीत साइट इंजिनीअर आणि मंडळाच्या यंदाच्या नाटकाचा लेखक-दिग्दर्शक.

"मी. पर्णिका. वडे आणलेत."

"वडे ठेवा आणि इथं उभ्या राहा. कोरसमध्ये माणूस कमी पडतोय."

"विचारायची पद्धत नाही वाटतं तुमच्यात?"

"ग्रीक शोकांतिकेत बायकांना रंगमंचावर घ्यायचीच पद्धत नव्हती. राणीचं कामसुद्धा पुरुष करायचे."

"असं? मग ग्रीकांकडे साबुदाणा वडेही नसतील... परत नेते."

तो असा गडबडला! एका मुखवट्यामागून मंडळाचे अध्यक्ष बापू ओरडले, "अरे दर्शन, माफी माग आधी! वडे गेले तर कोरसही जाईल!"

मी राहिले. वड्यांमुळे नव्हे, कुतूहलामुळे. दरवर्षी हमखास हसवणारं नाटक करणाऱ्या मंडळाला यानं रडायला कसं तयार केलं, हे मला बघायचं होतं.

नाटक होतं एका राजाचं. रागाच्या भरात तो शेजारच्या गावाचं पाणी तोडतो, आणि त्याची हरवलेली मुलगी नेमकी त्याच गावात असते. इथल्या खजुरीच्या बागांतून वाहणारं पाटाचं पाणी बघून दर्शनला हे सुचलं म्हणे. तालमीनंतर त्याच पाटाच्या काठावर बसून मी त्याला छळायचे.

"मुलगी मरते, ते दाखवत का नाही?"

"शोकांतिकेत मरण दाराआड होतं. मग दूत बाहेर येतो आणि सांगतो."

"फसवणूक झाली ही."

"उलट! दाखवलं तर लोक नुसतं बघतात. सांगितलं तर... प्रत्येक जण आपल्या मनात घडवतो."

बोलताना त्याचे डोळे लकाकायचे. माझ्याकडे लक्ष गेलं की मात्र तो पाण्याकडे बघायचा.

"आणि राजा वाईट असतो?"

"नाही ना! वाईट माणूस पडला तर कोण रडेल? चांगलाच असतो. एकच गोष्ट चुकते त्याची. आणि ती त्यालाच सगळ्यात शेवटी कळते."

"कोरसला?"

"कोरसला आधीच दिसत असतं. पण कोरस मध्ये पडत नाही. घाबरतो, समजावतो, हळहळतो... बस."

मला तो आवडायला लागला होता. सरळच सांगते, फार आवडायला लागला होता. आणि मीही त्याला आवडत होते, हे अख्ख्या कोरसला दिसत होतं. पण नाटक सोडून दुसरं काही बोलायचं म्हटलं की या माणसाची जीभ टाळ्याला चिकटायची. मग निरोप यायचे. आणायचे हारुनभाई, मूळचे रत्नागिरीचे, इथं किराणा दुकान चालवणारे आणि नाटकातही दूतच झालेले.

"पर्णिका, दर्शन विचारतोय, आज चटणी कोणी केली?"

"पर्णिका, दर्शन म्हणतोय, कोरसमध्ये तुझा आवाज वेगळा ऐकू येतो."

आणि दर्शन स्वतः? हॉलच्या दुसऱ्या टोकाला, मुखवट्यांच्या दोऱ्या तपासत! आधी गंमत वाटली, मग राग यायला लागला.

अशात आईचा सांगलीहून फोन आला. शाळेचं वर्ष संपतंय, एक स्थळ आलंय, आता परत ये. शाळा मात्र आणखी एक वर्ष थांब म्हणत होती. मला थांबायला कारण हवं होतं. तालमीत सगळ्यांसमोर, पण बघत होते एकाकडेच, मी म्हणाले, "प्रयोग झाला की शनिवारी मी जातेय. लग्नाचं बघतायत घरी."

दर्शन दोरीची गाठ सोडवत म्हणाला, "अभिनंदन."

घरी येऊन मी कांदे चिरायला घेतले. म्हणजे मावशीला काही सांगायला नको.

प्रयोगाच्या संध्याकाळी अल ऐनमध्ये चक्क पाऊस भुरभुरला. लोक ओल्या चपलांनीच आत येऊन बसले. हारुनभाईंनी दूताचं भाषण असं केलं, की पहिल्या रांगेत बसलेल्या कुमुदमावशीनं पदर डोळ्यांना लावला. पडदा पडल्यावर मी मागे मुखवटा ठेवत होते, तोच ते आले.

"पर्णिका, दर्शननं सांगितलंय की—"

"थांबा, हारुनभाई. वाईट बातमी दूतानं आणावी. चांगली असेल तर ज्याची त्याला आणू दे."

हारुनभाईंचा चेहरा उजळला. "इन्शाल्ला, आत्ता पाठवतो. माझं काम खलास!"

तो आला. मुखवटा लावून!

"आधी तो काढ," मी म्हणाले. त्याला 'तू' म्हणण्याची ती पहिलीच वेळ.

त्यानं काढला. नाकाला रंग लागला होता.

"राजाची चूक मला लिहितानाच माहीत होती," तो अडखळत म्हणाला. "माझी... आज विंगेत उभा होतो तेव्हा कळली. चार जणांत खोली वाटून राहणारा माणूस तुला नको असणार, हे मीच ठरवून टाकलं. तुला विचारलंच नाही."

"मग विचार."

"थांबशील? माझ्यासाठी... थांबशील?"

इतके दिवस वाट बघितली आणि ऐन वेळी मी त्याच्या नाकावरचा रंग पुसत बसले. तेवढ्यात मागे कोणी तरी खोकलं. वळून बघते तर अख्खा कोरस रांगेत उभा, मुखवटे कपाळावर सरकवलेले. सगळ्यांत पुढे बापू, हातात वड्यांची बशी.

"पोरी, हो म्हण!" बापू म्हणाले.

"बापू," दर्शन लालबुंद होऊन म्हणाला, "कोरस मध्ये पडत नाही!"

"ग्रीकांचा पडत नसेल. आमचा पडतो. यल्ला, बोल लवकर, वडे गार होतायत!"

मी हो म्हणाले. आणि दर्शननं महिनाभर घसा फोडूनही जे जमलं नव्हतं ते आत्ता झालं. आमचा कोरस एकदाचा एका सुरात ओरडला.