लांब्यानं धरलेलं टोक

सरका इकडे, आणि शेकोटीला पाठ करून बसू नका. या फाटकापाशी रात्रभर पहारा द्यायचा म्हणजे झोप उडवणारं काहीतरी हवंच, आणि माझ्याकडे तशी एकच गोष्ट आहे. मोजणीदाराची. तो माझा शाळेपासूनचा मित्र, आणि त्या रात्री टॉर्चचे सेल त्यानं घेतले ते माझ्याच दुकानातून. म्हणजे निदान सुरुवातीचा साक्षीदार तरी मीच.

मागच्या नोव्हेंबरातली सतरा तारीख, सोमवार. रात्रीचे साडेनऊ झाले होते, मी शटर निम्मं खाली ओढलं होतं. तो वाकून आत आला, सेल मागितले. पैसे काढायला त्यानं खांद्यावरची पिशवी काउंटरवर ठेवली तेव्हा आतला टेप मला दिसला. एवढ्या रात्री कोणाची जमीन मोजतोस, असं मी गमतीनं विचारलं. झोप येत नाही म्हणून फिरायला चाललोय, म्हणाला. टेप घेऊन फिरायला जाणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहत होतो. पण पुढे विचारायचं कसं? महिनाभर गावात कोणी त्याच्याशी धड बोलत नव्हतं, आणि खरं सांगतो, मीही तुटकच वागत होतो.

कारण तुम्हाला ठाऊकच आहे. वर टेकडीवर रिसॉर्ट होणार, पन्नास खोल्या, पोहण्याचा तलाव, आणि त्या सगळ्याच्या सांडपाण्याची टाकी नेमकी आपल्या झऱ्याच्या डोक्यावर. सगळं गाव त्या झऱ्याचं पाणी पितं. झऱ्यापासून शंभर मीटरच्या आत अशी टाकी बांधता येत नाही, एवढा एकच नियम आपल्या बाजूनं होता. आपण रस्त्यावर ठिय्या दिला, यंत्रं अडवली, म्हातारीकोतारी उन्हात बसली. तेव्हा कंपनीच्या साहेबानं शांतपणे एक कागद काढला. अंतर एकशे चार मीटर. मोजलं कोणी? तुमच्याच गावच्या मोजणीदारानं. खाली त्याची सही, आणि टेपचं दुसरं टोक धरणाऱ्या लांब्याचीही.

एकशे चार हा आकडा त्यानं मनानं लिहिला नव्हता, टेपवर तेवढंच आलं होतं. गोम तिथंच होती. जिन्याचा कठडा मोजा आणि जिन्याखालची फरशी मोजा. कठडा लांबच भरणार. उताराचंही तसंच. नियमाला लागतं आडवं अंतर. त्यासाठी टेप जमिनीवर टाकायचा नसतो. वरच्या माणसानं तो जमिनीशी धरायचा, खालच्यानं हात उंच करून सपाट ताणायचा, आणि तिथून ओळंबा सोडायचा. ओळंबा म्हणजे दोरीला लावलेला पितळेचा टोकदार गोळा. त्याचं टोक मातीत जिथं रुतेल तिथून पुढचा टप्पा सुरू. लांब्या साडेसहा फूट उंच, म्हणून उताराची बाजू कायम त्याची. सव्वीस वर्षं. शेतात वाऱ्यावर हाक ऐकू येत नाही, तेव्हा दोघांनी टेपमधूनच बोलायची सवय लावून घेतली होती. दोन झटके म्हणजे धरलंय, वाच. एक झटका म्हणजे चुकलं, परत.

मोजणीच्या दिवशी साहेब घाईत होता. मोजणीदाराच्या मुलाला रिसॉर्टवर सुपरवायझर म्हणून घेण्याचा शब्द त्यानं दिला होता, आणि मुलगा चार वर्षं घरी बसलेला. मोजणीदार लांब्याला म्हणाला, "खाली धर. जमिनीवरच टाक." लांब्यानं वर केलेला हात खाली घेतला नाही. "भाऊ, उतार आहे," एवढंच म्हणाला. मोजणीदार चारचौघांत त्याच्यावर खेकसला. तेव्हा कुठे त्यानं टेप खाली टाकला. संध्याकाळी मुकाट्यानं सही केली.

नऊ दिवसांनी लांब्या झोपेतच गेला. तोवर कागद बाहेर आला होता. हा विकला गेला म्हणून त्याला शेवटचं पोचवायला पुरती दहा माणसंही आली नाहीत. त्यांत मी नव्हतो. त्याची बायको झऱ्यावर आली की बाकीच्या बाया आपापली भांडी उचलून बाजूला व्हायच्या.

अठरा तारखेला सकाळी अकराला सुनावणी होती. मोजणीदाराची सून आपल्या बाजूची, ठिय्यात पहिल्या रांगेत. आदल्या रात्री जेवताना तिनं विचारलं, "बाबा, उद्या एवढंच सांगाल का, माप बरोबर आहे की नाही ते?" त्यात टोमणा नव्हता. तिचा अजून त्याच्यावर विश्वास होता, आणि तेच त्याला सोसेना. त्याच्या मनात आलं, सपाट मोजूनही शंभरच्या वर भरलं तर? मग आपण खोटे नाही. लांब्याही नाही. तेवढं बघायला तो निघाला. एकटाच, कारण सोबत नेणार कोणाला?

दहाच्या सुमाराला तो टाकीच्या खुंटीपाशी पोचला. चंद्र पार पहाटे उगवणार होता. झऱ्याकडून धुकं वर चढत होतं आणि टॉर्चचा उजेड दोन हातांवर अडत होता. त्यानं एक उंच काठी आणली होती. ती खाली रोवायची, शेंड्याला टेपची कडी अडकवायची, आणि वर येऊन ताणायचं. ओळंब्याच्या जागी दोऱ्याला बांधलेला दगड. पाच मीटरचा पहिला टप्पा कसाबसा झाला. दुसऱ्याला ताणल्याबरोबर काठी आडवी. उतरला, रोवली, चढला, ताणलं. पुन्हा आडवी. तिसऱ्यांदा त्याचे गुडघे बोलायला लागले. टेप धरून तो तसाच उभा राहिला आणि स्वतःशीच पुटपुटला, "तू असतास तर…"

टेप ताठ झाला.

बसली एकदाची काठी, असं त्याला वाटलं. त्यानं आकडा वाचला. पाच. खाली खुणेशी उतरला. टेप पुढे गेला होता, धुक्यात. घसरली असेल कडी. ताणून पाहिला. ताठ, सपाट. पाच. मग चौथा टप्पा, पाचवा. काम झरझर होत होतं. हाताला जुनी सवय होती, त्यामुळे डोकं कुठे चाललंच नाही.

सहाव्या टप्प्याला खूण बघायला त्यानं टॉर्च जमिनीशी नेला.

मातीत दगडाची खळगी नव्हती. बारीक भोक होतं. खोल. ओळंब्याच्या टोकाचं.

त्यानं खिसा चाचपला. दगड खिशातच होता. मघाशी उतरताना पायाला काहीतरी लांब लागलं होतं, फांदी समजून तो ओलांडून आला होता. ती काठी होती…

मग कडी कोणी धरलीय?

त्यानं हाक मारली नाही. मारवेना. टेप त्याच्या हातातून निघून सरळ धुक्यात शिरला होता. जमीन खाली जात होती. टेप जात नव्हता.

दोन झटके.

धरलंय. वाच.

तू पळाला का नाहीस, असं मी त्याला नंतर विचारलं. तो म्हणाला, सव्वीस वर्षांत अर्धं माप टाकून कधी आलो नाही, आणि पळताना टेप कोणाच्या हातात सोडू?

सात. आठ. दोन झटके. वाच. समोर पाऊल वाजत नव्हतं. श्वास नाही. नुसता टेप. बारा. तेरा. बोटं गार पडली. सतरा. अठरा…

एकोणीस. पंच्याण्णव मीटर झाले. पाणी अगदी पुढ्यात वाजत होतं. उरलं होतं ते फार तर एक मीटर.

शंभर भरत नव्हते.

त्याला मुलगा दिसला, चार वर्षं खिडकीशी बसलेला. आणि तोंडातून तेच निघालं. त्याच आवाजात.

"खाली धर."

…

टेप हलला नाही.

"लांब्या… खाली धर रे."

पाणी वाजायचं थांबलं, असं तो सांगतो.

एक झटका.

चुकलं. परत.

मोजणीदार मटकन खाली बसला आणि रडला. किती वेळ, ते त्यालाही सांगता येत नाही. टेप मात्र तोवर तसाच ताठ होता. मग तो म्हणाला, "शहाण्णव. उद्या सांगतो. तू नाही म्हणाला होतास, तेही सांगतो."

…

दोन झटके. हलकेच. आणि टेप सैल पडला.

दुसऱ्या दिवशी भर सुनावणीत त्यानं सगळं सांगितलं, रात्रीचं तेवढं सोडून. लांब्यानं कसा हात वर धरून ठेवला होता ते सांगताना त्यानं स्वतःचा हात वर केला, आणि बोलणं संपेपर्यंत खाली घेतला नाही. पुन्हा मोजणी झाली. शहाण्णवच भरले. टाकीची परवानगी गेली, मुलाची नोकरीही गेली. तो घर सोडून निघून गेला, बापाशी अजून बोलत नाही. आणि रिसॉर्ट काही टळलं नाही, ते आता या बाजूनं शिरायला बघतंय. म्हणून तर तुम्ही इथं शेकत बसलात.

सुनावणीहून तो थेट लांब्याच्या घरी निघाला, माफी मागायला. एकट्याचा धीर होईना म्हणून मला बरोबर घेतलं, आणि मलाही जायलाच हवं होतं. त्यानं तोंड उघडायच्या आत लांब्याच्या बायकोनं विचारलं, "भावजी, रात्री ओळंबा कशाला नेला होतात?"

 त्यानं नेला नव्हता. तिचं दार रात्रभर आतून बंद होतं. लांब्या गेल्यापासून ओळंबा भिंतीवरच्या खिळ्याला टांगलेला होता, आताही तिथंच होता. फक्त टोकाला चिखल होता. निळसर, झऱ्याच्या काठाला असतो तसा. ओला.

तिनं तो पुसला नाही. या गोष्टीला आता तीन महिने झाले. परवा मी तिच्याकडे सामान द्यायला गेलो होतो. ती आत गेल्यावर मी हळूच बोट लावून बघितलं.

…

ओलाच आहे.