चोविसावा तुकडा

दोन तारा जुळता जुळता राहिल्या, की त्यांच्यामधून एक तिसराच आवाज निघतो. वँव... वँव... वँव. झोपलेल्या माणसाच्या घशातून निघावा तसा. दौलत पेटीवाल्याने तो जन्मभर ऐकला; पण ठाकुर्लीच्या बंगल्यात ऐकला, तसा पुन्हा कधी नाही.

साल बावन्न, मे महिना. नौपाड्यात दौलतचं हार्मोनियम दुरुस्तीचं दुकान होतं. ठाण्यापासून कल्याणपर्यंतच्या भजनी मंडळांच्या पेट्या आणि गवयांचे तंबोरे, स्वरमंडळं त्याच्याकडे यायची. रिबेलोबाईंचं बोलावणं आलं, तसा तो तारा पिळायची चावी पिशवीत टाकून ठाकुर्लीला उतरला. पॉवर हाऊसच्या मागे बैठा बंगला. बाईंचे वडील तिथे मोठे साहेब होते, मागच्या दिवाळीत वारले. बंगला रेल्वेला परत द्यायचा होता आणि बाई आठवड्याने बोटीने विलायतेला, बहिणीकडे चालल्या होत्या. वडिलांचा पियानो मात्र बोटीवर जाणार नव्हता.

"पियानो नाही तर नाही, त्याचा आवाज तरी नेते," बाई म्हणाल्या.

वडिलांनी त्यांना चोवीस छोटे तुकडे शिकवले होते. बाई त्यांना प्रील्यूड म्हणत. बारा पट्ट्या, प्रत्येक पट्टीचे दोन. ते सगळे तबकड्यांवर उतरवून घ्यायचे होते, एकही कमी नाही. त्यासाठी कल्याणहून गुरुदत्त आपलं मशीन घेऊन आला होता. कोऱ्या तबकडीवर सुई आवाज कोरत जायची, आणि लगेच तीच तबकडी लावून ऐकता यायची. पण चुकलं की तबकडी वाया. पुसणं नाही, खोडणं नाही.

पहिली चूक दौलतने केली. त्याने पांढरी एक षड्ज धरली आणि जन्मभराच्या सवयीने बाकीचे सूर तिच्याशी गोड मिळवले. पहिले तुकडे असे उतरले, की गुरुदत्तने मान डोलावली. मग बाई काळ्या पट्ट्यांकडे वळल्या आणि पियानो गुरगुरायला लागला. वँव... वँव...

बाईंनी हात मांडीवर घेतले.

"दौलतराव, भजनाला बसलाय काय?" गुरुदत्त चिडून म्हणाला. "दोन तबकड्या गेल्या."

"अरे, सूर शुद्ध आहेत. तूच ऐक."

"शुद्ध आहेत म्हणूनच," बाई म्हणाल्या. "एका पट्टीला गोड केलंस, तर बाकीच्या अकरा रडणार. पप्पा प्रत्येक सूर थोडा थोडा खोटा लावायचे. सगळ्यांना सारखा."

दौलतला ते पटलं नाही. आपल्याच हाताने सूर खोटा करायचा? तरी दोन दिवस घाम पुसत त्याने पंचम न् पंचम केसभर उतरवला. तिसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तेवीस तुकडे नीट उतरले.

चोविसावा मात्र उतरेना. अर्ध्यावर आला, की खालच्या सप्तकातली एक तार पडायची, सूर खाली यायचा. तीच, दर वेळी. दौलतने ती पिळली, बाईंनी पुन्हा सुरुवात केली, आणि त्याच जागी तार पडली. त्याने खुंटीवर खडूची रेघ ओढली. पुन्हा तेच. रेघ जागच्या जागी होती, खुंटी हललीच नव्हती, आणि सूर उतरलेला.

"खुंटी ढिली असेल," गुरुदत्त म्हणाला.

"तू ये आणि पिळून बघ. दगडासारखी आहे."

"मग तार?"

"नवी घातली मघाशीच." दौलतने चावी जमिनीवर टाकली. "मला नाही कळत बाबा. तीस वर्षं हेच केलं, आणि आज नाही कळत."

बाईंचे डोळे लाल झाले होते. तबकडीची एकच बाजू कोरी उरली होती.

दौलतने पुन्हा सूर मिळवला. गुरुदत्तने सुई टेकवली. बाहेर ऊन रखरखत होतं, खिडक्या लावलेल्या, खोलीत तापलेल्या लाकडाचा वास. बाई वाजवायला लागल्या. अर्धा तुकडा गेला... आणि तार पडली.

बाई थांबल्या. त्यांनी दोन्ही हात मांडीवर ठेवले. दौलत पियानोला टेकून उभा होता, ते हात त्याला समोर दिसत होते. गुरुदत्तने मशीन बंद केलं नाही. बंद करून वाचवायचं काय होतं? सुई कोऱ्या शांततेवर फिरत राहिली. तबकडी संपेपर्यंत कुणी हललं नाही.

"लाव," बाई शेवटी म्हणाल्या. "कुठपर्यंत आलाय ते तरी ऐकू."

गुरुदत्तने तबकडी लावली. तुकडा सुरू झाला. अर्ध्यावर आला. ती जागा आली...

आणि वाजणं थांबलं नाही.

तार पडली नव्हती. सूर जिथे असायला हवा तिथेच होता. आता वाजवणारा हात बाईंपेक्षा जड होता, सावकाश होता. कुठे घाई नाही, कुठे अडखळणं नाही. त्याने तुकडा शेवटपर्यंत नेला.

"पुरा झाला," गुरुदत्त कुजबुजला. "चोवीस झाले, बाई..."

"मी नाही वाजवला."

"मला दिसत होतं. पण..."

"ऐक," दौलत म्हणाला.

सुई अजून फिरत होती. तबकडीत स्टूल मागे सरकलं. मग पावलं वाजली. बुटांची, टाचेवर भार देणारी. मशीनला धक्का नको म्हणून गुरुदत्तने तिघांच्याही चपला सकाळीच दाराबाहेर काढायला लावल्या होत्या. ती पावलं एकेक करत मायक्रोफोनपर्यंत आली आणि थांबली. अगदी जवळून कुणीतरी श्वास आत घेतला, बोलायला घेतात तसा...

तेवढ्यात तबकडी संपली.

गुरुदत्तने सुई उचलली. "बाई, ही बांधू का बाकीच्यांबरोबर?"

बाईंनी तबकडी त्याच्या हातातून घेतली. तेवीस तुकड्यांच्या खोक्यात ठेवली. पुन्हा बाहेर काढली. थोडा वेळ ती छातीशी धरून उभ्या राहिल्या. मग ती पियानोवर ठेवून, दोघांकडे न बघता त्या आतल्या खोलीत निघून गेल्या.