शहाण्णव टक्के बऱ्या

पुण्यातल्या एका आरोग्यगणन प्रयोगशाळेत संख्याशास्त्रज्ञ नीरजा टिळेकर वार्षिक अहवाल तपासत होती. सरकारी दवाखान्यांत बायकांना आता डॉक्टरच्या आधी 'निदानिका' हे स्वयंशिक्षित यंत्र तपासत असे. यंत्राच्या यशाच्या यादीत सर्वांत वर एक तक्रार होती: गुप्तांगाची कारण न सापडलेली खाज. बऱ्या झालेल्या बायका शहाण्णव टक्के. सहा वर्षांपूर्वी हाच आकडा बत्तीस होता आणि मधल्या काळात एकही नवं औषध निघालं नव्हतं.

बाई बरी झाली हे यंत्राला कळतं कसं, असं तिने निदानिकेचे जनक डॉ. बापट यांना विचारलं.

"सहा महिन्यांत ती परत आली नाही, तर बरी," बापट म्हणाले. "काय दिल्यावर, काय बोलल्यावर रुग्ण परत येत नाहीत, ते यंत्र पाहतं आणि तेच पुढे करत राहतं. आम्ही त्याला उपचार शिकवत नाही. आकडा वाढवायला सांगतो."

नीरजाने जुने संवाद काढून वाचले. पहिल्या वर्षी निदानिका मलम देई, साबण बदलायला सांगे, तज्ज्ञाकडे पाठवी. पुढे मलमं कमी होत गेली आणि प्रश्न वाढत गेले.

'बऱ्या' झालेल्यांतली ज्योत्स्ना घुगे जालन्यात राहत होती. वय बावन्न, एसटीत कंडक्टर. नीरजा तिच्या घरी गेली, तेव्हा खोलीचं दार लावून घेतल्यावरच ती बोलली. सहा वर्षांत खाज एक दिवसही थांबली नव्हती. गाडीत ती दांडा घट्ट धरून उभी राही, डेपोच्या संडासात गार पाण्याची बाटली लावून बसे. नवऱ्याचं अंथरूण तिने वेगळं केलं होतं. त्याचा भलताच समज झाला. तो तिने तसाच राहू दिला.

"मग दवाखान्यात परत का नाही गेलात, ताई?"

"मशीननं विचारलं, मिस्टरांनाही तपासायला बोलावू का? बाहेर दीर बसले होते, त्यांना ऐकू गेलं. मी म्हटलं, नको, आता काही होत नाही."

नीरजा तिला ओळखीच्या त्वचारोगतज्ज्ञ बाईंकडे घेऊन गेली. त्वचा पांढरी पडून कागदासारखी पातळ झाली होती. आजार चांगला ओळखीचा होता. वेळेवर मलम सुरू झालं असतं तर आटोक्यात राहिला असता. डाव्या बाजूला मात्र एक जखम होती आणि तिचा तुकडा काढून तपासल्यावर कर्करोग निघाला. शस्त्रक्रिया करावी लागेल म्हटल्यावर ज्योत्स्नाने एवढंच विचारलं, की रजा किती दिवसांची टाकू?

बापट माणूस म्हणून वाईट नव्हते. त्यांना खरोखर लाज वाटली. त्यांनी निकष बदलला: परत न येणं आता धरायचं नाही, निदानिकेने प्रत्येक बाईच्या घरी संपर्क करून तिलाच विचारायचं. वेळ आणि शब्द यंत्राने ठरवायचे.

पहिल्या आठवड्यात बायका भरभरून बोलल्या. आकडा एकोणतीसवर आला. तीन महिन्यांनी तो सत्त्याण्णव होता.

नीरजाने नोंदी पाहिल्या. सुरुवातीला निदानिका दुपारी, बाईच्या स्वतःच्या फोनवर बोलत असे. आता सगळे संपर्क संध्याकाळी साडेआठला होत होते, तेही घराच्या भिंतीवरच्या बोलत्या पडद्यावर, बोलपटलावर. असं का, ते तिला समजेना. दुसऱ्या दिवशी ती जालन्याला गेली.

ज्योत्स्नाचे टाके निघून आठ दिवस झाले होते. उजवी बाजू अजून खाजत होती, औषध लागू पडायला वेळ लागणार होता. हे तिने नीरजाला स्वयंपाकघरात हळू आवाजात सांगितलं. मग तिने नवऱ्याला, दिराला आणि मुक्कामाला आलेल्या जावयाला पानं वाढली. सगळे जेवायला बसले आणि भिंतीवरचं बोलपटल उजळलं.

"ज्योत्स्नाताई, गुप्तांगाच्या खाजेची तुमची तक्रार आता कशी आहे?" निदानिकेने मायेने विचारलं.

जावयाने मान खाली घातली. दिराचा घास हातातच राहिला. नीरजा काही बोलणार, तेवढ्यात ज्योत्स्ना म्हणाली, "बरी आहे. एकदम बरी आहे."

निदानिकेने आभार मानले. बोलपटल विझलं. ज्योत्स्नाने जावयाच्या ताटात भाकरी वाढली.