नियम क्रमांक सतरा

सोमवारी नखं तपासायची, हा नियम क्रमांक चार. धरमपेठेतल्या त्या मराठी प्राथमिक शाळेत पालकांसाठी एकूण एकवीस नियम होते आणि ते एकवीसच्या एकवीस चारुलताबाईंनी उन्हाळ्याच्या सुट्टीत घाम पुसत लिहून काढले होते. फ्रॉकला रुमाल टाचलेला असावा. डब्यात शिळं नको. दप्तरात चिंचा-बोरं नकोत. कांजण्या आल्या तर खपल्या गळेपर्यंत मूल घरीच ठेवावं... मुख्याध्यापिका यमुताईंनी तो कागद सायक्लोस्टाइल करून घरोघरी धाडला, तेव्हा हे लिहिणारी बाई निदान पन्नाशीची असणार असं सगळ्यांना वाटलं. बाई होत्या चोवीस वर्षांच्या. चणीनं लहान, आणि हसल्या की उजव्या गालाला खळी पडायची. म्हणून शाळेत त्या हसतच नसत.

त्र्याहत्तर सालच्या जुलैतला सोमवार. बाई फाटकाशी खाली मान घालून हात तपासत होत्या. एक जोडी झाली, दुसरी झाली, हं, पुढे... आणि त्या चिमुकल्या हातांच्या रांगेत एकदम शाईनं निळा झालेला भलामोठा पंजा समोर आला.

"नखं वाढलीत. उद्या कापून या," बाई सवयीनं म्हणाल्या आणि मग त्यांनी मान वर केली. बरीच वर करावी लागली.

"कापतो न बाई," तो उंचापुरा तरुण अगदी गरीब चेहऱ्यानं म्हणाला. "पण छडी नोका मारू. पयलाच दिवस आहे माहा."

सगळी रांग खिदळली. तिसरीत नवीन आलेली त्याची पुतणी शामला त्याचं बोट सोडत नव्हती, म्हणून काकाही रांगेत लागला होता. गिरिधर भोयर त्याचं नाव. मोजणी कचेरीत कारकून. थोरला भाऊ चंपतराव गावी, खाप्याला, शेती करायचा. लेकीनं नागपुरात शिकावं म्हणून त्यानं तिला धाकट्याच्या हवाली केलं होतं. शाळेच्या कागदावर 'पालक' म्हणून गिरिधरचंच नाव होतं.

दुसऱ्या दिवशी तो पुन्हा फाटकाशी हजर. दोन्ही हात पुढे.

"आज मंगळवार आहे," बाई म्हणाल्या. "मंगळवारी नखं बघत नाहीत."

"तुम्हीच तं म्हटलं, उद्या या..."

बाईंनी ओठ दाबून धरले, तरी खळी निसटलीच. गिरिधरनं ती पाहिली. तिथंच घात झाला.

आता त्यानं बाईंशी बोलायचं कुठं? आडवा आला नियम क्रमांक सतरा. आदल्या वर्षी गोकुळपेठच्या बाजारात एका वडिलांनी बाईंना पालकाच्या भाजीच्या ढिगापाशी अर्धा तास अडवून मुलाच्या पाढ्यांची चौकशी केली होती. त्या रागात बाईंनी लिहून टाकलं होतं : पालकांनी शिक्षिकेला रस्त्यात किंवा बाजारात गाठू नये. भेट फक्त शनिवारी, शाळा सुटल्यावर, भेटीच्या वहीत कारण लिहून.

तर गिरिधर वहीत कारण लिहू लागला. पहिल्या शनिवारी लिहिलं 'पाढे'. मग 'अक्षर'. मग 'शाई सांडते'. दिवाळीपर्यंत खरी कारणं संपली आणि तो 'पेन्सिल लवकर संपते' इथवर येऊन ठेपला.

"पेन्सिल संपते, त्यात शाळा काय करणार?" बाईंनी विचारलं.

"तेच इचाराले आलो न, बाई." तिसरीच्या बाकावर त्याचे गुडघे हनुवटीला टेकले होते. "तुम्ही सांगान तसं करू."

"टोक कमी वेळा काढा."

"बाप्पा! हे मले सुचलंच नव्हतं." तो उठला, दारापर्यंत गेला, वळला. "मंग पुढच्या शनिवारी... खोडरबर?"

"खोडरबराला काय झालंय?"

"शनिवारपर्यंत होईल काही तरी."

बाईंनी वही चेहऱ्यासमोर धरली. वहीमागे त्या हसत होत्या हे शिपाई रामाजीलासुद्धा कळत होतं.

पण नियम म्हणजे नियम. एकदा बाजारात दोघं समोरासमोर आले. बाई थबकल्या, पदर सारखा केला. गिरिधरला मात्र सतरावा नियम आठवला आणि तो कोहळ्यांच्या ढिगामागे जाऊन बसला! बाई दहा मिनिटं उगाच त्याच दुकानी वांगी चिवडत राहिल्या. कोहळ्यांमागून कोणी उठलं नाही. घरी जाताना बाईंना संताप आला, आणि तो कुणावर काढावा ते कळेना, कारण नियम त्यांनीच लिहिला होता.

बघता बघता शामला चौथीत गेली आणि बाईही वर्गाबरोबर चौथीत गेल्या. शाळा चौथीपर्यंतच होती. निकाल लागला की शाळा सोडल्याचा दाखला, आणि दाखला हातात पडला की वही नाही, कारण नाही, शनिवारही नाही. त्यात घरी वडिलांनी, अण्णांनी, सांगून ठेवलं होतं की मेच्या पहिल्या शनिवारी अमरावतीचे लोक बघायला येणार आहेत. बाईंना आता शनिवारची धास्ती वाटू लागली.

शेवटच्या भेटीत गिरिधर बाकावरून पुढे वाकला.

"बाई, एक इचारायचं होतं..."

"विचारा ना."

"म्हणजे... लय दिवसाचं..."

"विचारा ना!"

"...पाचवीत इंग्रजी कठीण जाते काय हो?"

त्या दिवशी बाईंच्या हातून वरणात दोनदा मीठ पडलं. त्या गिरिधरच्या प्रेमात पडल्या होत्या, पुरत्या पडल्या होत्या, आणि हा बाबा इंग्रजीची चौकशी करत होता. निकालाआधी बत्तीस दाखले भरताना शामलाच्या दाखल्यावर 'पालक : गिरिधर' असं लिहून त्या थांबल्या. खिडकीबाहेर बघत राहिल्या. मग पुढचा रकाना भरला आणि गठ्ठा सहीला दिला. यमुताईंनी नेहमीप्रमाणे न वाचता सह्या ठोकल्या.

निकालाचा दिवस बुधवार होता. सकाळी आठलाच ऊन चटके देत होतं. शामलानं दाखला हिसकावला आणि यमुताईंच्या टेबलासमोर उभी राहून खणखणीत आवाजात वाचू लागली.

"प्रगती, उत्तम. वर्तणूक..." ती अडखळली. "वर्तणूक चांगली. पण दोन वर्षं झाली तरी मनातलं काही बोलत नाही."



"मी बोलत नाई?" शामला रडायलाच लागली. "मंग तोंडावर बोट ठेवून वर्षभर उभी कोन रायली? काहून लिहिलं वं बाई असं?"

"ही बोलत नाही?" यमुताईंनी चष्मा शोधला. "अगं चारुलता, हिच्या बडबडीपायी मी दोनदा वर्ग बदलायला निघाले होते!"

बाईंचा चेहरा लालबुंद झाला. "चूक झाली... द्या इकडे, नवीन लिहून देते."

गिरिधरनं पुतणीच्या हातून दाखला घेतला. वाचला. पुन्हा वाचला. घडी करून खिशात ठेवला.

"राहू द्या, बाई. चूक नाही थे. बरोब्बर लिहिलं." "भेटीची वही देता काय?"

"आज बुधवार आहे," बाई कशाबशा म्हणाल्या. "भेट शनिवारी... आणि या शनिवारी तर..."

भिंतीवर एकवीस नियमांचा कागद डकवलेला होता. बाईंनी यमुताईंच्या टेबलावरचा लाल टाक उचलला, भिंतीपाशी गेल्या आणि सतराव्या नियमावर आडवी रेघ मारली. यमुताईंना अचानक रामाजीशी काही तरी बोलायचं आठवलं आणि त्या व्हरांड्यात निघून गेल्या.

गिरिधरनं वही ओढली. विद्यार्थ्याचं नाव, हा रकाना कोरा ठेवला. कारण, या रकान्यात लिहिलं : 'स्वतःचे'.

"बोला," बाई म्हणाल्या.

"मले... तुमच्याबिगर शनिवार करमत नाही. सोमवार ते शुक्रवारही नाही करमत. लगन कराल काय माह्याशी?"

बाईंनी वहीवर, नेहमीच्या जागी, शेरा लिहिला : 'मान्य'. खाली सही केली, तारीख घातली.

"मंग शनिवारी येतो घरी. अण्णाले भेटाले."

"शनिवारी नको!" बाई दचकून म्हणाल्या. "शनिवारी अमरावतीचे येणारेत. शुक्रवारी या. आणि..." त्यांचे डोळे भरून आले होते, तरी आवाज फाटकावरचा झाला. "नखं कापून या."

गिरिधरनं दोन्ही हात पुढे केले. नखं कापलेलीच होती. बाई खळखळून हसल्या, शाळेत, भर दिवसा.

शामला रडायची थांबली आणि बघतच राहिली.

"अवो काका," ती म्हणाली, "बाईच्या गालाले खड्डा पडते!"